अवाढव्य भोपळा: मादी फुलाला पराग कुठला द्यावा? (कोकण, हिवाळी लागवड)

रेताड_परस | २० डिसेंबर

मंडळी, प्रश्न घाईचा आहे, फुलं उमलायला आठवडाही उरलेला नाही.

आमचं परस गुहागर तालुक्यात, किनाऱ्यापासून चालत दहा मिनिटांवर. जमीन रेताड, पाणी विहिरीचं. भात कापून झालं की दर वर्षी तांबडा भोपळा लावतो, तो आजेसासूबाईंच्या बियांचा. त्या जाऊन एकोणीस वर्षं झाली, बी अजून चालू आहे. फळ आठ-दहा किलोचं, एकदाच चौदा भरलं होतं.

या वर्षी भाच्याने कॅनडाहून 'अटलांटिक जायंट' जातीच्या पाच बिया पाठवल्या. तीन रुजल्या. एक गोगलगाईंनी खाल्ली, एक मर लागून गेली, आणि उरलेला एक वेल असा सुटलाय की माडाचं आळं ओलांडून पुढे गेला. पानं सुपाएवढी. नर फुलं दहा दिवसांपासून येताहेत. मुख्य फाट्यावर आता दोन मादी कळ्या दिसतात: एक बुंध्यापासून सात फुटांवर, तीन-चार दिवसांत उमलेल अशी, आणि दुसरी साधारण अकरा फुटांवर, अजून वाटाण्याएवढी.

माझ्या मनात तीन वाटा आहेत. एक, त्याच वेलाचं नर फूल लावायचं. दोन, आजेसासूबाईंच्या भोपळ्याचं नर फूल लावायचं, म्हणजे आकार कॅनडाचा आणि चव आपली असं काही जमेल. तीन, काहीच न करता मधमाशांवर सोडायचं. शिमग्याला पालखी घरी येते तेव्हा अंगणात मोठा भोपळा असावा अशी फार इच्छा आहे. काय करू?

घारगे | २० डिसेंबर

वाट कुठलीही धरा, घारग्यांना बोलवा. एवढ्या भोपळ्याला गूळ किती लागेल याचा हिशेब मी आत्ताच मांडायला घेतलाय.

सातेरी_पेटी | २० डिसेंबर

मी कुडाळकडचा, घरी सातेरी मधमाशांच्या सहा पेट्या आहेत. माझं मत स्पष्ट आहे: माशांवर सोडा. भोपळ्याचा पराग जाड, चिकट, काटेरी असतो, वाऱ्याने उडत नाही. तो वाहून न्यायला मधमाशी, भुंगा यांचंच काम. आमच्याकडे पहाटे भोपळ्याच्या फुलात सातेरी परागाने पिवळीधमक होऊन लोळत असते, पाठोपाठ काळा भुंगा येतो. एका मादी फुलावर सकाळभरात कितीतरी फेऱ्या होतात. माणूस एकदा ब्रश फिरवून निघून जातो. परसात फवारणी करत नसाल तर माशांसारखं काम हाताने होणार नाही.

जांभा | २० डिसेंबर

सातेरी_पेटी यांच्याशी अर्धाच सहमत. फळ धरण्यापुरतं बघायचं तर माशा उत्तम. पण ताईंना बी ठेवायचं असेल तर माशी कुठून काय घेऊन आली हे कळणार नाही. शेजारच्या चार परसांतला पराग त्या बियांत शिरलेला असेल.

आधी एक मोठा गैरसमज दूर करतो, कारण ताईंची दुसरी वाट त्यावरच उभी आहे. या वर्षीच्या फळाचा आकार, रंग, चव हे सगळं वेलाकडून, म्हणजे आईकडून येतं. पराग कुणाचा होता याचा परिणाम फक्त आतल्या बियांत उतरतो आणि पुढच्या वर्षी ती बी पेरल्यावर दिसतो. अटलांटिक जायंटच्या मादी फुलाला गावठी पराग दिलात तरी गर गावठी चवीचा होणार नाही, आणि गावठी वेलाला कॅनडाचा पराग दिलात म्हणून तो शंभर किलोचा होणार नाही.

परागाने यंदाच्या फळाला फरक पडतो तो एवढाच: पुरेसा आणि जिवंत पराग पडला तर बिया भरपूर धरतात, आणि बिया भरपूर तर फळ जोमाने वाढतं. कमी पडला तर फळ एका बाजूने खुरटं राहतं किंवा मोसंबीएवढं होऊन पिवळं पडतं आणि गळतं.

तळकोकण | २० डिसेंबर

मग आमच्याकडे म्हणतात ते काय? भोपळ्याशेजारी दुधी लावला की भोपळा कडू होतो. माझ्या काकांनी याच कारणावरून दुधीचा मांडव मोडायला लावला होता.

जांभा | २० डिसेंबर

काकांचा मान राखून सांगतो, दुधीचा यात काही दोष नाही. दुधी आणि तांबडा भोपळा यांचा संकरच होत नाही, ती झाडं एकाच भोपळावर्गातली असली तरी नात्याने लांबची. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, भोपळ्याचं पिवळं फूल पहाटे. कोहळा, पडवळ, दोडका, कारलं, काकडी यांचंही तसंच, यांतलं काही भोपळ्यात मिसळत नाही.

कडूपणा असतो तो कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्याचा. आदल्या वर्षी बी धरताना एखाद्या रानटी किंवा शोभेच्या कडू भोपळ्याचा पराग आला असेल तर त्या बीच्या वेलाला कडू फळ येऊ शकतं. आणि हे सर्वांनी लक्षात ठेवा: भोपळा किंवा दुधी चाखताना कडू लागला तर तो शिजवूनही खायचा नाही. विषबाधा होते. गुरांनाही घालू नका.

ओटी_पडवी | २१ डिसेंबर

अलिबागहून लिहिते. आमच्या लहानपणी आत्या पावसाळ्यात कुंपणावर भोपळा चढवायची. पावसाचं पाणी फुलात गेलं की पराग फुटून वाया जातो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण मादी फूल उमलायच्या दिवशी ती पहाटे इरलं घेऊन कुंपणापाशी उभी राहायची. फुलावर इरल्याचा आडोसा, आणि दुसऱ्या हाताने नर फूल उलटं करून त्यात फिरवायची. मग वर चांद्याच्या पानाचा द्रोण पालथा घालून सोपटाने बांधायची. श्रावणात आमच्याकडे भोपळा असायचा आणि आळीत कुणाकडे नसायचा. मी आठ वर्षांची असेन, कंदील धरायचं काम माझं होतं. हाताने पराग लावणं ही बाहेरून आलेली गोष्ट नाही, एवढंच म्हणायचंय.

आचऱ्याचो_झिल | २१ डिसेंबर

माजी आये सांगता, भोपळ्याच्या फुलाक हात लावचो तो सूर्य वर येवच्या आदी. आमच्या वायंगणात आमी कायेक करूक नाय तरी भोपळे धरतत. पण ह्यो कॅनडाचो पावणो आसा, त्येका मान देवक व्हयो.

बर्फातला_कोकणी | २१ डिसेंबर

मी मूळचा देवगड तालुक्यातला, बारा वर्षं कॅनडात हॅलिफॅक्सला आहे. इथून तासाभराच्या अंतरावर विंडसर नावाचं गाव आहे. अटलांटिक जायंट ज्यांनी घडवला ते हॉवर्ड डिल तिथलेच. १९८१ मध्ये त्यांचा भोपळा ४९३.५ पौंड, म्हणजे सुमारे २२४ किलो भरला होता. त्याआधी ४०३ पौंडांचा एक विक्रम १९०४ पासून ७२ वर्षं कुणी मोडला नव्हता. आज जे राक्षसी भोपळे होतात ते बहुतेक सगळे डिल यांच्या बियांच्या वंशातले. २०१४ मध्ये स्वित्झर्लंडच्या बेनी मायर यांनी पहिल्यांदा एक टन ओलांडला. २०२३ मध्ये मिनेसोटाच्या ट्रॅव्हिस गिंजर यांचा १,२४७ किलोंचा झाला, आणि २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या पॅटन या जुळ्या भावांनी १,२७८ किलोंच्या वर नेला.

विंडसरला १९९९ मध्ये पोखरलेल्या भोपळ्यांत बसून तळं पार करायची शर्यत सुरू झाली. पहिल्यांदा पाहिली तेव्हा लेकीकडे निघालेली गोष्टीतली म्हातारीच आठवली.

आता कामाचं. इथले लोक या जातीवर माशांना हात लावू देत नाहीत, आणि त्याचं कारण बीच आहे. प्रत्येक बीच्या पाकिटावर कुंडली असते: फळाचं वजन, उत्पादकाचं आडनाव, वर्ष, आणि खाली आई गुणिले बाप. आईचं नाव नेहमी आधी. बाप माहीत नसेल तर 'मोकळं परागीभवन' असं लिहितात, आणि अशा बीला मागणी कमी.

पद्धत अशी. उद्या उमलणारं मादी फूल आदल्या संध्याकाळी ओळखता येतं, कळीचं टोक पिवळं-नारिंगी होऊन जरा सैल दिसतं. त्याच संध्याकाळी ते सुतळीने हलकेच बांधायचं, नाहीतर जाळीची पिशवी घालायची. तीन-चार नर कळ्याही तशाच बांधायच्या. त्यांत पहाटे माशी शिरली तर त्याही परागाची खात्री राहत नाही. उजाडताच नर फुलं देठासकट तोडायची, पाकळ्या सोलायच्या, मधला परागाचा दांडा उरतो. मादी फूल सोडून आतल्या प्रत्येक भागाला तो हलक्या हाताने टेकवत फिरायचं. एकाच जागी घासू नका, जखम होते. तीन-चार नर फुलं एका मादीला. झाल्यावर मादी फूल पुन्हा बांधायचं आणि चिठ्ठी लावायची.

टोमॅटोसारखं पुंकेसर काढायची भानगड इथे नाही, नर-मादी फुलं मुळातच वेगळी.

वहाळ | २१ डिसेंबर

वेळेबद्दल माझा अनुभव. मी रोह्याकडे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. साडेसहा ते आठ एवढीच वेळ धरायची. दहानंतर फूल मिटायला लागतं. मागच्या मार्चमध्ये मी साडेनऊला पराग लावत होतो, पारा तेहेतिसाच्या वर. ओळीने नऊ मादी फुलं गळली. तेव्हा वाटलं खत कमी पडलं, म्हणून आणखी युरिया टाकला आणि पानंच पानं झाली. भ्रमाचा भोपळा फुटला तो मे महिन्यात. उष्णतेने पराग मरतो हे कळायला एक हंगाम गेला.

बर्फातला_कोकणी | २१ डिसेंबर

अगदी बरोबर. इथेही उन्हाळ्यात लाट आली की लोक मादी फुलाभोवती बर्फाच्या पिशव्या ठेवतात आणि वर सावली करतात. फूल उमलायच्या दिवशी आणि नंतरचे दोन-तीन दिवस गारवा महत्त्वाचा.

रेताड_परस | २१ डिसेंबर

वाचून डोकं लख्ख झालं. जांभादादा, एक अडचण आहे. चव यंदा बदलणार नाही हे कळलं, पण मला पुढच्या वर्षासाठी तरी दोघांची सोयरीक करायची आहे. आजेसासूबाईंच्या भोपळ्याचा पराग कॅनडाच्या वेलाला लावून ते बी ठेवलं तर?

जांभा | २१ डिसेंबर

ताई, त्याआधी दोन गोष्टी बघून या. तुमच्या गावठी भोपळ्याचा देठ कसा आहे: कडक, पाच कंगोऱ्यांचा आणि फळाला टेकतो तिथे पसरलेला? की गोल, जाड, बुचासारखा मऊ? आणि पानांवर शिरांजवळ पांढुरके डाग आहेत का?

रेताड_परस | २२ डिसेंबर

जुना देठ पडवीत टांगलेला होता, बी काढून फळ खाल्लं तरी देठ ठेवायची पद्धत आहे आमच्याकडे. कडक, पाच कंगोरे, खाली पसरलेला. पानांवर पांढरे डाग आहेत. कॅनडाच्या वेलाची पानं मात्र एकसारखी हिरवी, गोलसर.

जांभा | २२ डिसेंबर

मग तुमचा गावठी भोपळा मोस्काटा जातीचा. अटलांटिक जायंट मॅक्सिमा जातीचा. दोन्हींना आपण भोपळाच म्हणतो, पण ही एका घरातली भावंडं नव्हेत, चुलत म्हणा. यांचा संकर होतो, पण अडखळत. बरीच फुलं गळतात. फळ धरलं तरी आत बऱ्याच बिया पोचट निघतात. जपानमध्ये या दोन जातींच्या संकरातून 'टेत्सुकाबुतो' नावाचा भोपळा तयार केलाय, पण त्याच्या नर फुलांत चांगला पराग नसतो, म्हणून त्याच्या शेजारी दुसरा भोपळा लावावाच लागतो. असेच संकर कलिंगड-काकडीच्या कलमांना खुंट म्हणूनही वापरतात, मुळं दणकट असतात म्हणून.

म्हणजे शिमग्याचा मोठा भोपळा तुम्हाला ज्या फुलातून हवाय, त्यात हा प्रयोग करणं मोठी जोखीम. बिया कमी धरल्या तर फळही मार खाईल. मोठ्या फळासाठी त्याच वेलाचा पराग द्या.

तळकोकण | २२ डिसेंबर

पण त्याच वेलाचा पराग म्हणजे घरातल्या घरात लग्न नाही का? वंश खालावतो ना?

जांभा | २२ डिसेंबर

मक्यात खालावतो, आणि लगेच दिसतो. भोपळावर्गात स्वपरागीभवनाने जोम फारसा कमी होत नाही, हे पैदासकारांना जुनं ठाऊक आहे. पूर्वी परसात एकच वेल असायचा, त्याचंच बी पिढ्यान्‌पिढ्या चाललं. रेताडताईंच्या आजेसासूबाईंचं बी हाच पुरावा.

सातेरी_पेटी | २२ डिसेंबर

मी माझा शब्द थोडा मागे घेतो. बी राखायचं असेल तर पिशवी घाला. पण एक विनंती: बांधायची ती नेमकी तीन-चार फुलं बांधा, बाकीची उघडी ठेवा. डिसेंबरात पहाटेचा पराग सातेरीच्या पिल्लांचं अन्न आहे. गेल्या वर्षी एका ओळखीच्या बागायतदाराने कीटकनाशक सकाळी फुलांवर मारलं आणि माझ्या दोन पेट्यांपुढे माशांचा सडा पडला. मारायचंच असेल तर संध्याकाळी, फुलं मिटल्यावर.

ओटी_पडवी | २२ डिसेंबर

हे वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे पांढऱ्या कांद्याचं बी धरायला माशा लागतात म्हणून जुनी माणसं गोंड फुलल्यावर शेतात धूरही करत नसत.

घारगे | २२ डिसेंबर

नर फुलांचा विषय निघालाय म्हणून सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी पहाटे पराग लावायला परसात गेलो तर वेलावर एकही नर फूल नाही. स्वयंपाकघरात आई तांदळाच्या पिठात बुडवून त्यांची भजी तळत होती. भजी अप्रतिम झाली होती. मादी फूल मात्र बिचारं दुपारपर्यंत वाट बघून मिटलं. तेव्हापासून आमचा करार आहे: पहाटे चार फुलं माझी, बाकी तिची.

रेताड_परस | २२ डिसेंबर

हा करार मी आजच सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, चार नको, पाच ठेव.

आता दुसरा प्रश्न राहिला. सात फुटांवरची कळी धरू की अकरा फुटांवरची?

बर्फातला_कोकणी | २३ डिसेंबर

अकरा फुटांवरची. सर्वसाधारण दहा ते पंधरा फुटांमधलं फळ धरतात. तोवर वेलाला पानांचं पुरेसं पाठबळ मिळतं. शिवाय फळ फुगायला लागलं की बुंध्याजवळ जागा राहत नाही, वेल उचलला जाऊन देठ तुटतो. पण सातवालीलाही पराग लावून ठेवा, विमा म्हणून. अकरावाली धरली, नारळाएवढी झाली, की सातवाली काढून टाका. एका वेलावर एकच फळ. यात मन घट्ट करावं लागतं.

देठ आणि वेल यांचा कोनही बघा. काटकोनाच्या जवळ हवा. फळ लहान असताना वेल रोज थोडा थोडा वळवून तो कोन मिळवता येतो. दुपारी वळवा, तेव्हा वेल जरा नरम असतो, सकाळी कडकडून मोडतो.

मादी फुलाच्या आतले भागही मोजतात लोक. चार असतात, कधी पाच. पाचवालं फूल मिळालं तर इथे आनंद होतो, फळ मोठं होतं असं मानतात.

जांभा | २३ डिसेंबर

पाच भागांपेक्षा जागा आणि गारवा यांना मी जास्त महत्त्व देईन. पाचची वाट बघत चांगलं चारचं फूल सोडू नका.

आणि फळमाशी! तिच्यापुढे ही सगळी मेहनत वाया जाते. फूल सुकून पडलं की त्याच दिवशी कोवळ्या फळाला कागदी किंवा कापडी पिशवी घाला. फळमाशी कोवळ्या सालीत अंडी घालते, आत अळी होते आणि फळ वाकडं होऊन सडतं. कामगंध सापळा, म्हणजे वासाने माशी ओढून घेणारा सापळा, लावाल तर वेलवर्गीयांसाठी क्यू ल्यूरची वडी लागते. आंब्याच्या सापळ्यातली मिथाइल युजेनॉलची वडी या माशीला चालत नाही. दुकानात दोन्ही एकाच बरणीत ठेवलेल्या असतात, नीट वाचून घ्या.

वहाळ | २३ डिसेंबर

फळाखाली पेंढा घालू नका. आमच्या दमट हवेत पेंढा ओला राहतो आणि फळ खालून बसतं. कोरडी वाळू घाला. तुमच्याकडे तर वाळूला तोटा नाही.

रेताड_परस | २४ डिसेंबर

आज सात फुटांवरचीला पराग लावला, त्याच वेलाच्या तीन नर फुलांचा. संध्याकाळी केळीच्या सोपटाने बांधून ठेवलं होतं. पहाटे दंव इतकं होतं की पदर भिजला, पण बांधलेलं फूल आतून कोरडं. उलगडलं तेव्हा जो वास आला तो लिहून सांगता येणार नाही. साधासा, गोड, कोवळ्या काकडीसारखा.

रेताड_परस | ३० डिसेंबर

अकरा फुटांवरची काल उमलली. आत भाग पाच! मोजताना हात थरथरत होता. पावणेसात ते सातमध्ये चार नर फुलं वापरली, सगळी त्याच वेलाची. दुपारभर वर सुपाची सावली आणि शेजारी ओलं फडकं.

सोयरीक मात्र सोडलेली नाही. जांभादादांनी सांगितलं म्हणून मोठ्या फळाला हात न लावता आजेसासूबाईंच्या वेलावरच्या चार मादी फुलांना कॅनडाचा पराग देणार आहे. त्या वेलाला पुष्कळ फळं येतात, चार गेली तरी चालतील.

जांभा | ३० डिसेंबर

छान. पण या दिशेने, म्हणजे मोस्काटा आई आणि मॅक्सिमा बाप, फळ धरणं सहसा जास्त कठीण जातं. चारही गळली तर नाराज होऊ नका.

आचऱ्याचो_झिल | १९ जानेवारी

ताईनू, भोपळो खय पोचलो?

रेताड_परस | १९ जानेवारी

अकरावाला धरला. सातवाला नारळाएवढा झाल्यावर काढला. काढताना जिवावर आलं, पण सासूबाईंनी त्याची भाजी केली आणि सगळ्यांनी मुकाट्याने दोनदा घेतली. अकरावाला आज टेपने मोजला, घेर ११२ सेंटीमीटर. रोज सकाळी मोजते. काही दिवशी एका रात्रीत तीन-चार सेंटीमीटर वाढ.

सोयरिकीची चारपैकी तीन गळली, पाचव्या-सहाव्या दिवशी पिवळी पडून. चौथं अजून आहे, लिंबाएवढ्यावरून पेरूएवढं झालंय.

बर्फातला_कोकणी | १९ जानेवारी

विसाव्या ते पन्नासाव्या दिवसादरम्यान सगळ्यात जास्त वजन चढतं. या काळात पाणी एकसारखं द्या. एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब असं झालं की साल तडकते. फळावर गोणपाटाची सावली ठेवा, साल मऊ राहते आणि ताणाला टिकते.

सातेरी_पेटी | २० जानेवारी

चौथ्या फळाकडे माझं जास्त लक्ष लागलंय. मोठा भोपळा मोठा होणारच. पण ते पेरूएवढं धरणं म्हणजे विळ्याभोपळ्याचं सख्य जमण्यासारखं आहे.

रेताड_परस | १६ मार्च

शिमगा झाला, पालखी नाचून गेली, आता निवांत लिहिते.

मोठा भोपळा पराग लावल्यापासून त्र्याहत्तराव्या दिवशी काढला. चार जणांनी घोंगडीत घालून उचलला. काजू मोजायच्या काट्यावर ठेवला तर ६१ किलो. कॅनडात याला कुणी विचारणार नाही, पण आमच्या वाडीत एवढा भोपळा कुणी पाहिला नव्हता. पालखीपुढे अंगणात ठेवला होता. मुलं त्याला टेकून फोटो काढत होती, आणि शेजारच्या नव्वदीच्या काकू त्यावर हात फिरवत बराच वेळ बसल्या. गर पिवळा, पाणीदार, गोडीला बेताचा. घारगे केले ते आजेसासूबाईंच्या भोपळ्याचेच. 'घारगे' यांना निरोप पाठवला होता, ते आले आणि तेरा खाऊन गेले.

आतल्या बिया धुऊन सावलीत वाळवल्या. भरलेल्या ३४० निघाल्या. चिठ्ठी इथल्या पद्धतीने किलोत लिहिली: ६१, रेताड परस, स्वपराग.

आता चौथं फळ. ते सहा किलोचं झालं, एका बाजूने बसकं. कापलं तेव्हा घरातले सगळे भोवती उभे होते. आत बियांची रांग दिसली आणि जीव भांड्यात पडला, पण चिमटीत धरून पाहिल्या तर एकामागून एक पोचट. दोनशेच्या वर तशाच. सगळ्या चाळून भरलेल्या सात मिळाल्या.

जांभा | १६ मार्च

सात म्हणजे खूप झाल्या, ताई! मला एकही मिळेल असं वाटलं नव्हतं.

आचऱ्याचो_झिल | १६ मार्च

माका फोडी नको, मोठ्या भोपळ्याचा बी व्हया. टपालान धाडशात?

रेताड_परस | १७ मार्च

मोठ्या भोपळ्याचं बी ज्यांना हवं त्यांनी व्यक्तिगत निरोपात पत्ता कळवा, प्रत्येकाला पाच-पाच पाठवते. पुढच्या वर्षी पराग कुठला दिलात ते चिठ्ठीवर लिहून ठेवायचं, एवढीच अट.

त्या सात बिया कुणाला देणार नाही. राखेत घालून सासूबाईंच्या डब्यात ठेवल्या आहेत. भात कापलं की आजेसासूबाईंच्या बियांची आळी आणि यांची आळी शेजारी-शेजारी करायची. जांभादादांनी सांगितलंय तसं यांच्या नर फुलांत पराग नसला, तर पहाटे तो पलीकडच्या आळ्यातून आणून द्यावा लागेल. कंदील धरायला लेकीने आत्ताच नाव नोंदवलंय.